नेपाळच्या बंडाचा जमाखर्च

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



आज आम्ही आपल्यापुढे परमुलखातील एका पुढाऱ्याची हकीकत सांगण्यास उभे आहोत. घरची गाऱ्हाणी थोडी आहेत म्हणून का परक्याची कथा ऐकावी, असे कोणाच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर असे की, ही कथा वाटते तितकी परक्याची नाही. रत्नागिरी-देवगडकडील आंब्याच्या बागांत राखणीला कोण असतो? मोहोर आल्यापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत झोपडी करून कोण राहतो? मुंबई-पुण्यात रात्री काठी आपटीत, शिट्टी वाजवीत इमारतीभोवती कोण फिरतो? तो नेपाळचा माणूस. आपण त्याला ‘गुरखा’ म्हणतो, नाहीतर ‘बहादूर’ अशी हाक मारतो. त्याचे खरे नाव काय, गाव कोणते, घरी जमीन किती, हे विचारण्याची तसदी आपण घेत नाही. तोही आपल्यासारखा नांगरावर आणि ऐरणीवर पोट असलेला माणूस आहे. त्याच्या मुलखात अशाच माणसांनी दहा वर्षे बंड केले, राजाची गादी उलथली आणि आपल्या सेनापतीला मुख्य प्रधान करून दाखविले. इतके झाल्यावरही तो दुसऱ्याच्या बागेत राखण करीत का बसला आहे? या एका प्रश्नासाठी आम्ही आज बोलणार आहोत.

वाण्याच्या दुकानात आपण चोपडी पाहतो. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. तशीच चोपडी आज या बंडाची मांडून पाहू. बंडखोराला देव करणारेही पुष्कळ आहेत आणि त्याला राक्षस ठरविणारेही पुष्कळ आहेत. आम्हांस दोन्ही कामे नकोत. आम्हांस हिशेब हवा.

प्रथम हे बंड का झाले ते पाहू. आग लागली असे म्हणण्याआधी गवत किती वाळले होते ते पाहावे लागते.

पृथ्वीनारायण शहा नावाच्या गोरख्याच्या राजाने १७६८ साली काठमांडू घेतले आणि तेव्हापासून नेपाळात शहा घराण्याची गादी चालू झाली. पुढे सत्ता राणा घराण्याच्या हाती गेली. १८५४ साली जंगबहादूर राणा याने ‘मुलुकी ऐन’ नावाचा कायदा केला. मंडळी, जातिभेद आपल्याकडेही होता आणि आहे. परंतु तेथे तो सरकारी कायद्याच्या कलमांत लिहून काढला गेला. सर्वांत वर जानवेवाले, त्यांस ‘तागाधारी’ म्हणत. त्यांच्याखाली दारू पिणारे म्हणून ‘मतवाली’ म्हटलेले मगर, गुरुंग, तामांग, थारू वगैरे लोक. त्यांतही ज्यांना गुलाम करता येत नाही ते वेगळे आणि ज्यांना गुलाम करता येते ते वेगळे! त्याखाली ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही ते, आणि अगदी तळाशी ज्यांचा स्पर्शही चालत नाही असे कामी, सार्की, दमाई. कामी म्हणजे आपला लोहार, सार्की म्हणजे चांभार, दमाई म्हणजे शिवणकाम करणारा आणि लग्नात वाजविणारा. गुन्हा एकच असला तरी जात पाहून शिक्षा निराळी. बाहुनाला, म्हणजे ब्राह्मणाला, देहान्त शिक्षा नसे. हा कायदा शंभरावर वर्षे चालला. १९६३ साली नवा कायदा होऊन ही पायरी कागदावरून पुसली गेली. मनातून आणि पाणवठ्यावरून ती पुसली गेली नाही.

आता शेतीकडे या. बाहुनाने नांगराला हात लावला तर धर्म बुडाला, अशी समजूत. १९४९ साली लमजुंग जिल्ह्यात दुराडांडा येथील काही बाहुनांनीच ही रूढी मोडण्यासाठी जाहीरपणे नांगर धरला, तर ती केवढी क्रांती गणली गेली! मग त्यांची शेते नांगरी कोण? पश्चिमेच्या डोंगरात ‘हलिया’. हल म्हणजे नांगर. हलिया म्हणजे सावकाराचे कर्ज फिटेपर्यंत त्याचा नांगर हाकणारा. कर्ज बापाचे, नांगर मुलाच्या खांद्यावर, आणि व्याज नातवाच्या वाट्याला. खाली तराईच्या सपाटीवर दांग, बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर या जिल्ह्यांत थारू लोक ‘कमैया’ म्हणून राबत. एके काळी जंगल तोडून ती जमीन त्यांनी वाहितीला आणली. डोंगरातून शिकलेली मंडळी आली, त्यांनी कागद केले, आणि जमिनीचा धनी तिचाच वेठबिगार झाला. लोहार-चांभारांना वर्षाकाठी सुगीला धान्य मिळे. ही आपल्या बलुत्याचीच बहीण, तिला तेथे ‘बालीघरे’ म्हणतात.

असा हा वाळलेला गवताचा गंज होता. १९९० साली लोकांनी चळवळ केली, राजाला निवडणुका मान्य कराव्या लागल्या. शहरात आनंद झाला. परंतु हलियाचा नांगर आणि कमैयाचे कर्ज जागच्या जागी राहिले. मते मागणारे आले आणि गेले.

आता त्या माणसाकडे वळू. त्याचे नाव पुष्पकमल दाहाल. ‘प्रचंड’ हे त्याचे भूमिगत असतानाचे नाव. जन्म १९५४ सालचा, कास्की जिल्ह्यातील ढिकुरपोखरी गावचा. घर बाहुनाचे, पण गरिबीचे आणि शेतीचे. पुढे कुटुंब चितवनच्या सपाटीवर जाऊन राहिले. पोरगा शिकला, चितवनातील रामपूरच्या शेतकी महाविद्यालयात शेतीची पदवी घेतली, शाळामास्तर झाला, आणि मग कम्युनिस्ट पक्षात शिरून वर्षानुवर्षे भूमिगत राहिला. शेतीचे शास्त्र शिकलेला माणूस बंडाचा सेनापती झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवा. जमीन कोणती आणि बी कोणते, हे त्याला समजत होते.

१९९६ च्या फेब्रुवारीत त्याच्या पक्षाच्या वतीने बाबुराम भट्टराई यांनी शेरबहादूर देउबा यांच्या सरकारकडे चाळीस मागण्या दिल्या. त्यांतील काही ऐका: कसणाऱ्याला जमीन द्या, गरीब शेतकऱ्याला कर्जातून सोडवा, अस्पृश्यता बंद करा, मुलीला मुलाइतका वारसा द्या, सर्व भाषांना सारखी वागणूक द्या, राजाचे विशेष हक्क काढा आणि लोकांनी निवडलेल्या माणसांकडून राज्यघटना लिहवून घ्या. यांत वावगे ते काय होते? आमच्या सभांतूनही अशाच मागण्या होत आल्या आहेत. परंतु १७ तारखेची मुदत दिली असता १३ तारखेलाच बंडाला तोंड फुटले. रोल्पा, रुकुम, सिंधुली या जिल्ह्यांत पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले. गोरखा जिल्ह्यात शेतकी बँकेच्या एका कचेरीतील कर्जाचे कागद जाळले गेले. कर्जरोखा जळताना पाहून गरीब शेतकऱ्याला काय वाटले असेल, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. त्या एका जाळाने जितकी माणसे मिळविली तितकी शंभर व्याख्यानांनी मिळाली नसती.

आणि माणसे मिळाली ती कोणती? रोल्पा-रुकुमच्या डोंगरातील मगर, तराईतील थारू, लोहार-चांभारांची पोरे, आणि घरच्या जाचाला कंटाळलेल्या मुली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या माणसांनी बंडखोरांच्या फौजेची मोजदाद केली तेव्हा १९,६०२ जण पक्के ठरले. त्यांत ३,८४६ बायका होत्या. दर पाचांत एक बाई! जिला माहेरी वारसा नाही आणि सासरी शब्द नाही, तिने खांद्यावर बंदूक घेतली. तिने ती हौसेने घेतली असे ज्यांस वाटते, त्यांनी तिच्या घरात एक वर्ष नांदून पाहावे.

ही जमेची बाजू आम्ही मोकळ्या मनाने मांडली. आता खर्चाचे पान उलटावे लागते, आणि तेथे हात थरथरतो.

दहा वर्षांच्या लढाईत तेरा हजारांहून अधिक माणसे मेली; पुढच्या सरकारी मोजणीत हा आकडा सतरा हजारांपर्यंत गेला. तेराशेहून अधिक माणसे नाहीशी झाली, त्यांचा पत्ता आजवर लागला नाही. अधिक माणसे सरकारी पोलीस व लष्कर यांच्या हातून मेली हे खरे. २००१ च्या नोव्हेंबरात बंडखोरांनी दांग जिल्ह्यात लष्करी तळावर छापा घातला, आणीबाणी पुकारली गेली, लष्कर बाहेर पडले, आणि त्यानंतर गरिबाच्या दाराशी दिवसा शिपाई व रात्री बंडखोर असा फेरा सुरू झाला. एकाला भाकरी द्यावी तर दुसरा मारतो. न द्यावी तर पहिला मारतो. जात्याच्या दोन तळ्यांत दाणा सापडावा तशी रयत सापडली. एकट्या बर्दिया जिल्ह्यात दोनशेवर माणसे नाहीशी झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कचेरीने केली, आणि त्यांत बहुतेक थारू होते. ज्यांच्या नावाने लढाई, त्यांच्याच घरातील चूल सर्वांत आधी विझली.

बंडखोरांच्या हातूनही कमी पातके झाली नाहीत. खंडणी, पळवापळवी, खबऱ्या म्हणून गावच्या मास्तराचा आणि पाटलाचा जीव घेणे, हे सर्व झाले. ६ जून २००५ रोजी चितवनच्या माडी खोऱ्यात उतारूंनी भरलेली बस सुरुंगाने उडविली गेली. पस्तीसहून अधिक माणसे ठार झाली. चितवन म्हणजे सेनापतीचे स्वतःचे घर! मेलेले बहुतेक त्याच्याच जिल्ह्यातले, बाजाराला आणि कामाधंद्याला निघालेले गरीब लोक. सेनापतीने चूक कबूल करून माफी मागितली. माफी मागितली हे बरे केले. परंतु माफीने बापाविना पोर वाढत नाही. आणि त्या फौजेत अल्पवयीन पोरे होती. मोजदादीत २,९७३ जण अल्पवयीन ठरले. पाटी-पेन्सिलीच्या वयात बंदूक देणाऱ्याचे कारण कितीही मोठे असो, तो खर्च चोपडीत लिहावाच लागेल.

मग हे थांबले कसे? आमच्या मते या माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम येथे आहे, आणि ते बंदुकीचे नाही.

२००१ च्या जून महिन्यात राजवाड्यातच राजा वीरेंद्र व त्यांचे कुटुंब गोळ्या घालून मारले गेले. भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आले. १ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांनी प्रधानमंडळ मोडून सर्व सत्ता आपल्या मुठीत घेतली. त्यामुळे निवडणुका लढविणारे पक्ष आणि रानात लढणारे बंडखोर दोघेही एका राजाचे शत्रू झाले. प्रचंड यांनी ओळखले की, डोंगर आपल्या हाती आला तरी काठमांडू बंदुकीने येणार नाही; आणि राजाच्या लष्करालाही डोंगर परत मिळणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात सात पक्ष व बंडखोर यांच्यात बारा कलमांचा समझोता झाला. २००६ च्या एप्रिलात एकोणीस दिवस लोक रस्त्यावर उतरले आणि राजा नमला. जूनमध्ये हा इतकी वर्षे लपलेला माणूस राजधानीत उघड्या तोंडाने लोकांपुढे आला; तोवर त्याचा चेहरा फार थोड्यांनी पाहिला होता. २१ नोव्हेंबर २००६ रोजी तहावर सह्या झाल्या.

तहातील एक व्यवस्था ऐकण्यासारखी आहे. बंडखोरांच्या बंदुका लोखंडी पेट्यांत बंद केल्या, कुलूप घातले, किल्ली बंडखोरांपाशी ठेवली, आणि पहारा संयुक्त राष्ट्रांचा. म्हणजे दोघांचीही अब्रू राहिली आणि बंदूकही गप्प बसली. भाऊबंदकीचे भांडण मिटविताना गावातला शहाणा पंच असाच तोडगा काढतो, नाही काय?

१० एप्रिल २००८ रोजी घटना लिहिण्यासाठी निवडणूक झाली. थेट व प्रमाणशीर मतांनी भरावयाच्या ५७५ जागांपैकी २२० जागा या पक्षाने जिंकल्या. दुसरा कोणताही पक्ष जवळपासही आला नाही. २८ मे रोजी दोनशे चाळीस वर्षांची गादी मतांनी खालसा झाली. राजा राजवाडा सोडून निघून गेला. त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. ऑगस्टमध्ये प्रचंड मुख्य प्रधान झाले. ज्याच्या डोक्यावर सरकारने इनाम लावले होते, तोच सरकार झाला. आणि ६ सप्टेंबर २००८ रोजी त्यांच्या सरकारने हलिया मुक्त झाल्याचे जाहीर केले. (कमैया २००० सालीच, त्यांच्या स्वतःच्या चळवळीमुळे, मुक्त जाहीर झाले होते.) बापजाद्यांचे कर्ज एका हुकमाने संपले. पुढे जमीन, घर, बैल देण्याच्या कामात वर्षानुवर्षे दिरंगाई झाली ही गोष्ट वेगळी. पण तो दिवस आम्ही जमेच्या पानावर ठळक अक्षरांत लिहितो.

येथपर्यंतची कथा पोवाड्यासारखी आहे. शाहीर येथे डफ खाली ठेवतो. आम्हांस मात्र पुढचे सांगितले पाहिजे, कारण गरिबाचे नुकसान पोवाडा संपल्यावर होते.

मुख्य प्रधान होऊन नऊ महिने झाले नाहीत तोच सरसेनापतीला काढण्यावरून वाद झाला. प्रचंड यांनी त्यास बडतर्फ केले. राष्ट्रपतींनी त्यास कामावर राहण्यास सांगितले. ४ मे २००९ रोजी प्रचंड यांनी राजीनामा दिला. रानात परत गेले नाहीत, पेट्यांची कुलुपे तोडली नाहीत. याचेही श्रेय आम्ही देतो. परंतु तेव्हापासून राजधानीत खुर्च्यांचा खेळ सुरू झाला, आणि ज्या १९,६०२ जणांच्या खांद्यावरून हे लोक राजधानीत आले, ते कोठे होते? ते छावण्यांत होते. सात मोठ्या छावण्या. ताडपत्री आणि पत्र्याची छपरे. आज लष्करात घेतील, उद्या घेतील, अशी वाट पाहत पाच वर्षांहून अधिक काळ गेला. तिशीतला गडी पस्तिशीचा झाला. २०१० साली ४,००८ जणांना ‘अयोग्य’ असा शिक्का मारून बाहेर काढले. अठरा वर्षांच्या आत भरती केलेले आणि भरतीची ठरलेली तारीख उलटल्यावर आलेले असे दोन्ही त्यांत होते. शब्द पाहा, मंडळी! लढाईत लोटताना पोर योग्य होते. घरी पाठविताना अयोग्य झाले. २०१२ साली शेवटी निकाल लागला, तेव्हा सुमारे चौदाशे जण लष्करात घेतले गेले, आणि पंधरा हजारांहून अधिक जणांनी दर्जाप्रमाणे पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरची वाट धरली. त्या पैशांत काठमांडूत घराला लागेल एवढी जमीनही येत नाही. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आपण उगाच म्हणत नाही.

जमिनीचे काय झाले? चाळीस मागण्यांतील अन्नाचा घास तोच होता. बंडाच्या काळात बळकावलेल्या जमिनी मालकांना परत करण्याचे तहात ठरले. त्याबरोबरच जमीनसुधारणेचे वचनही लिहिले गेले. आयोग बसले, अहवाल लिहिले गेले, कपाटात गेले. मालकांना जमीन परत करण्याचे कलम लगेच आठवले. कसणाऱ्याला जमीन देण्याचे कलम कोणास आठवेना. म्हणून आज नेपाळातील तरुण आखाती मुलखात, मलेशियात आणि आपल्याकडे जातो. देशाच्या एकंदर उत्पन्नाच्या चौथाईच्या आसपास रक्कम या बाहेर गेलेल्यांनी घरी पाठविलेल्या पैशाची आहे. आंब्याच्या बागेतील तो राखणदार या चोपडीतील एक ओळ आहे.

आणि खुर्चीवर कोण बसले? २०११ च्या जनगणनेप्रमाणे डोंगरी बाहुन शेकडा १२ आणि छेत्री शेकडा १७ च्या आसपास. दोघे मिळून शेकडा तिसाच्या आत. परंतु राजा गेल्यापासून २०२४ पर्यंत मुख्य प्रधानाच्या आसनावर जे जे बसले, ते सर्व या दोन जातींचेच होते. काँग्रेस असो, कम्युनिस्ट असो, की बंडातून आलेला पक्ष असो. झेंडे तीन, घरे तीच. आम्ही प्रचंड यांस बाहुन घरात जन्मले म्हणून दोष देत नाही. जन्म कोणाच्या हाती नसतो, आणि त्यांच्या घरी गरिबी होती हे आम्ही आधीच सांगितले. आमचा प्रश्न असा की, दहा वर्षे मगराने आणि थारूने मरावे, आणि त्यांच्यातून एकही माणूस राज्याच्या पहिल्या आसनाला लायक निघू नये काय? मरण्यास लायक आणि राज्य करण्यास नालायक, अशी कोणती जात देवाने केली आहे? २०१५ साली घटना झाली तेव्हा थारू व मधेशी लोक आपल्याला न्याय मिळाला नाही म्हणून रस्त्यावर आले, आणि चाळीसहून अधिक जीव पुन्हा गेले.

उलट प्रचंड यांच्या घरात काय झाले पाहा. २०१७ साली मुलगी भरतपूर शहराची महापौर झाली. २०२४ साली सख्खा भाऊ राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष झाला. राजाची गादी मोडणाऱ्याच्या घरात लहान गादीचा मोह कसा शिरतो, हे आम्ही निंदेसाठी सांगत नाही. हा रोग आमच्या गावच्या सोसायटीपासून वर सर्वत्र पसरलेला आहे.

तथापि न्याय करावयाचा तर पुरा करावा. २०१६-१७ साली प्रचंड दुसऱ्यांदा मुख्य प्रधान असताना वीस वर्षांनी नेपाळात गावांच्या निवडणुका सुरू झाल्या. तेथील कायदा असा की, प्रत्येक प्रभागाच्या पाच जणांच्या समितीत दोन बायका असाव्यात आणि त्यांतील एक दलित असावी. त्यामुळे त्या वर्षी साडेसहा हजारांच्या आसपास दलित बायका निवडून आल्या. ज्या कामी-सार्कीच्या बाईला विहिरीला शिवू देत नसत, तिच्यापुढे गावाला पाण्याच्या नळाचा अर्ज घेऊन यावे लागले. मुलुकी ऐन लिहिणाऱ्या राणाने हे पाहिले असते तर त्यास मूर्च्छा आली असती! आणि आघाडीत ठरल्याप्रमाणे त्या वेळी प्रचंड यांनी मुदतीत खुर्ची सोडली, हेही खरे.

२०२२ च्या डिसेंबरात ते तिसऱ्यांदा मुख्य प्रधान झाले. तेव्हा पक्षाचे बळ किती? २७५ पैकी ३२ जागा. २००८ साली २२०, २०१३ साली ८०, आणि आता ३२. फौज लहान होत गेली आणि सेनापती तोच राहिला. कधी या पक्षाशी सोयरीक, कधी त्या पक्षाशी. दीड वर्षांत चार वेळा विश्वासाचे मत जिंकले, पाचव्या वेळी, १२ जुलै २०२४ रोजी, हरले आणि पायउतार झाले. २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूत तरुण पोरे भ्रष्टाचाराविरुद्ध उठली. सत्तरहून अधिक माणसे मेली, ओली यांचे सरकार पडले, आणि जाळपोळीत जुन्या पुढाऱ्यांच्या घरांवर हल्ले झाले. त्यांत प्रचंड यांचेही घर होते. एके काळी जो रोष घेऊन हा माणूस राजधानीवर चालून आला, तोच रोष त्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. जाळपोळीचे आम्ही समर्थन करीत नाही. पण दाराशी कोण आले आणि का आले, हे पुढाऱ्याने ओळखले पाहिजे.

आता चोपडी मिटविण्याची वेळ आली. बाकी काय निघते?

राजा गेला, हलियाचे कर्ज गेले, गावच्या समितीत दलित बाई बसली, बंदूक खाली ठेवून मतपेटी मानण्याचा रिवाज पडला: ही जमा. सतरा हजार जीव, नाहीसे झालेल्यांची वाट पाहणारी घरे, अयोग्य ठरविलेली पोरे, न मिळालेली जमीन: हा खर्च. लढाईत पोळलेल्यांसाठी सत्यशोधन आयोग २०१५ साली निघाला. त्रेसष्ट हजारांवर तक्रारी आल्या. कायदा दुरुस्त होण्यासच २०२४ चा ऑगस्ट उजाडला. दोन्ही बाजूंच्या सेनापतींना हा हिशेब नको होता, म्हणून तो लांबला. लढताना जे शत्रू होते, ते हिशेब टाळताना सोबती झाले!

मंडळी, यावरून आपण काय घ्यावे? बंड करू नये, निमूट सोसावे, असे आम्ही सांगत नाही. चाळीस मागण्या खऱ्या होत्या, आणि पहिल्या दिवशीच कोणी त्या ऐकल्या असत्या तर एकही बंदूक उडाली नसती. पुढारी नसावा असेही आम्ही म्हणत नाही. नांगरालाही एक फाळ लागतोच. आमचे सांगणे असे की, फाळाला धार लावणे आपल्या हातचे काम आहे, ते फाळावर सोपवू नये. गावात जो तुमच्यासाठी लढतो म्हणतो, त्याला तीन गोष्टी विचारा. आमच्या मागण्यांपैकी पहिली कोणती आणि शेवटपर्यंत न सोडण्याची कोणती? जिंकल्यावर खुर्चीवर तुझ्याशेजारी आमच्यातले कोण बसणार? आणि हिशेब कोणापुढे, कोणत्या दिवशी देणार? याची उत्तरे आधी, चारचौघांत, कागदावर घ्या. जो रागावेल त्याच्यामागे जाऊ नका. जो उत्तर देईल त्याचाही कागद जपून ठेवा, कारण कर्जरोखा फक्त सावकारानेच जपावा असा काही नियम नाही.

आपल्या लेकरांना लिहिणे-वाचणे शिकवा असे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. आज त्यात एवढीच भर घालतो की, लेकींनाही चोपडी वाचता आली पाहिजे. नेपाळच्या त्या फौजेत दर पाचांत एक बाई होती. तहाच्या बैठकीत जर दर पाचांत एक बाई असती, तर अठरा वर्षांच्या आतल्या पोरांना ‘अयोग्य’ हा शब्द लिहिताना कोणीतरी लेखणी धरली असती, असे आम्हांस वाटते.

आणि शेवटी एक विनंती. येत्या हंगामात आपल्यापैकी कोणी कोकणात जाईल, कोणी मुंबईस मुलाकडे जाईल. तेथे दाराशी किंवा बागेत तो नेपाळी माणूस भेटेल. त्याला ‘बहादूर’ म्हणून हाक मारू नका. त्याचे नाव विचारा. घरी कोण आहे, जमीन किती, लढाईत कोणी गेले काय, हे विचारा. आपल्या भाकरीतील अर्धी त्याच्यापुढे ठेवा. ज्याने राजा घालविला आणि तरीही परमुलखात राखण करतो आहे, त्याच्या तोंडून जे ऐकू येईल ते आमच्या भाषणापेक्षा अधिक खरे असेल.